एक फळी वर

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानात
उजव्या भिंतीवर चार रेघा आहेत.
एकोणसत्तरची आजोबांनी खिळ्याने ओढलेली,
आठची तेलरंगात, काकाच्या हातची, जरा तिरकी;
सोळाची आणि एकोणीसची माझी, मार्करने.
मधली अंतरं: एकोणचाळीस, आठ, तीन.
विम्याचा माणूस ती बघून शीळ घालतो.
मी म्हणते, थांबा,
चार रेघांवरून नियम काढू नये.
वर धरणाचे दरवाजे आहेत,
पात्रात ओतलेलं काँक्रीट आहे,
बुजवलेल्या नाल्यांवर उभ्या सोसायट्या आहेत.
पूर एकट्याने येत नाही.

पावसाळ्यात माझी रात्रपाळी, पूरनियंत्रण कक्षात.
फोन येतो, वहीत क्युसेक लिहिते,
मग घरी कळवते, कारण बाजाराला क्युसेक कळत नाहीत,
दुतोंड्या मारुती कळतो.
गुडघा म्हणजे गल्ल्यातली वही उचला.
कंबर म्हणजे खालच्या पराती.
छाती म्हणजे आता माणसं.

त्या रात्री कंबर सांगून मी घरी आले
तेव्हा भालूकाका बंब वर ओढत होता.
म्हणाला, "वृंदे, हा पूर त्याच्यामुळेच का गं,
ते तापमान वाढलंय म्हणतात, त्याच्यामुळे?"

मी घागर पुढ्यात ओढली.
काका, तुम्हीच शिकवलंत ना,
तांबं तापवून ठोकत राहिलं की पोट वाढतं.
हवा तापली की तिचंही तसंच,
एका अंशाला साताठ टक्के वाफ जास्त मावते.
मोठी घागर भरायला वेळ लागतो,
तोवर येवल्याकडची जमीन तडकते,
तिची उरलीसुरली ओलही घागरच पिते,
आणि कलंडली की ब्रह्मगिरीवर
सगळी एकदम कलंडते.

"पण कलंडवलं कुणी?"

कलंडणं जुनंच, वाऱ्याचं, हंगामाचं.
घागर मोठी केली ती आपण.
धुराने. दीडशे वर्षं, हात न थांबवता.

काका विझलेल्या भट्टीकडे बघत राहिला.
"आपल्याही?"
आपल्याही, म्हटलं. चिमूटभर.

माडीवर काकूने पट मांडला होता,
वीज नव्हती, पोरं रडत होती, काहीतरी हवंच.
तिच्याकडची एक कवडी पाठीला झिजलेली,
भावाने लहानपणी दगडावर घासलेली,
ती उताणी पडते, नेहमी नाही, पण जास्त.
"एका डावात भावाची चोरी सापडत नाही," काकू म्हणाली,
"शंभर डाव खेळ, मग बोल."

शंभर डावांना शंभर गोदावऱ्या कुठून आणायच्या?
म्हणून कुणी संगणकात दुसरी वाहवतात,
जिच्यावर हा धूर चढलाच नाही अशी,
आणि तिच्यावर हजार पावसाळे पाडून बघतात.
पूर तिलाही येतो.
तिच्याही काठी कुणी भांडी उचलतं, शिव्या देतं.
फक्त क्वचित येतो,
आणि कधीकधी बोटभर खाली थांबतो.

बोटभर.
आमच्या दुकानात बोटभर म्हणजे
तिसऱ्या फळीवरची सगळी पितळ कोरडी.

पाणी उतरलं. गाळ दोन दिवस खरवडला.
पाचवी रेघ मी अजून ओढलेली नाही,
भिंत ओली आहे, मार्कर उमटत नाही.
सुतार आला, लतीफ, त्याच्या बापानेच
या फळ्या ठोकल्या होत्या.
"किती वर घेऊ?"
मी हात उंच करून दाखवला.
त्याने टेप लावला, पेन्सिल कानावर ठेवली,
म्हणाला, "एक फळी बसेल, ताई.
पुढच्या वेळी छतच आहे."