नोंद : नर, एक

माणच्या कोरड्या पात्रात खूर सापडला,
वाळूत, माझी ओंजळ बसेल एवढा.
तायाप्पा उकिडवा बसून म्हणाला,
"म्हशीचा न्हाई, सायेब. म्हस फरपटत चालती.
ह्यानं उचलून ठेवलाय."

वहीत लिहिलं : गवा. नर. एक.
रकान्याला छापील नाव आहे, 'कळप'.

चांदोलीत पहिली सहा वर्षं नोकरी काढली,
तिथं पाहिलेलं :
कळप माद्यांचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी
तपकिरी अंग काळं पडायला लागलं
की खोंड कडेकडेला चरू लागतो.
कोणी हाकलत नाही. कोणी थांब म्हणत नाही.
मग दोघं-तिघं बरोबरीची,
शिंगाला शिंग लावून बघणारी,
या पावसाळ्यात सोबत, पुढच्याला नसतीलही.
थोराड झाला की एकटा.
माजाच्या दिवसांत तेवढा कळपाकडे उतरायचा,
रात्री लांब शीळ घालत.
एवढ्या देहातून इतका बारीक आवाज.
उन्हाळ्यात पाणी धरून, पाऊस लागला की वर, बांबूत.

हा मात्र उसातून उसात
उगवतीला सरकत आला असावा,
डोक्यावर हिरवं आहे तोवर रानच आहे असं धरून.
ऊस संपला तिथं मंगळवेढ्याची काळी जमीन,
ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी,
आणि गुडघाभर करडई, काट्यांची.
आडोसा म्हणावा असं काही नाही.

तीन दिवस पोरं मोटरसायकलवरून बघायला आली.
चौथ्या दिवशी
जैतुनबीच्या म्हशी पाझर तलावात बसल्या होत्या,
त्यांच्यात हा.
पायांतले पांढरे मोजे पाण्याखाली;
लांबून सहा म्हशी, सातवी जरा दांडगी.
म्हशींनी कान हलवले.
उठल्या नाहीत, जवळही सरकल्या नाहीत.
"बसू द्या की," जैतुनबी काठावरून ओरडली,
"पाणी काय माझ्या बापाचं हाय?"
दिवेलागणीला तिनं म्हशी वळवल्या.
तो बांधापर्यंत मागोमाग आला.
बांध ओलांडला नाही.

त्या रात्री शीळ ऐकू आली.
तायाप्पा अंथरुणात उठून बसला,
"कोण कुणाला बलवतंय?"
मी म्हटलं, झोप.
बायकोला आटपाडीला फोन लावावा वाटलं.
पावणेदोन झाले होते.

आज पुन्हा पात्रात उतरलो.
माग मावळतीकडे निघालाय, बरं झालं.
आणि त्याच्या डाव्या अंगाला, हातभर सोडून,
दुसरा. लहान खूर,
कडा अजून ढासळल्या नाहीत.
हा कुठून आला, कधी गाठ पडली,
तायाप्पालाही सांगता येईना.
दोन्ही माग वेड्या बाभळीपर्यंत बरोबर जातात.
पुढं खडक.

वही उघडली.
खोडाखोड केल्यास सही करावी,
असं पानाच्या तळाशी छापलंय.

सही केली.