उजवीकडे ओढते

सर्जेकोटच्या जेटीमागे मासळी सुकवायचा ओटा,
रविवारी तीन वाजेपर्यंत रिकामा.
जाळ्याच्या फुटक्या बोयांनी आम्ही वळणं आखतो,
हातभर लांबीची गाडी खाली ठेवतो,
आणि नुरू होडेकर म्हणतो, बघ. सरळ सोड.
बोट न लावता ती वीस पावलं जाते
आणि उजवीकडे ओढते.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
बिघाडाला तोंड असतं, एवढं मला ठाऊक:
धूर काळा की पांढरा, ठोका वरचा की खालचा.
हिला धूर नाही. नुसती बॅटरी, दोन पट्टे,
आणि मस्कतहून नुरूच्या बॅगेत
लुंगीत गुंडाळून आलेला कार्बनचा सांगाडा.

रिमोटचं ट्रिम पाहिलं. मधोमध.
सर्व्होचा हात काढून एक दाता सरकवून बसवला.
उजवं टायर जास्त झिजलंय का म्हणून
कॅलिपर लावला, जो मी एरवी पिस्टनला लावतो.
केसाचा फरक. टायरं बदलली.
ओढते.

बेअरिंगं इथं खारा वारा खातो.
रॉकेलमध्ये बुडवून, कानाशी फिरवून
एकेक ऐकलं. त्यातलं एक कुरकुरलं.
नवं घातलं. मला वाटलं, संपलं.

"एका वेळी एकच बदल," नुरू म्हणतो,
आणि लिलावाच्या जुन्या वहीत,
सुरमईच्या दरांच्या कोऱ्या पाठीवर लिहितो:
पुढची स्प्रिंग मऊ. मागची तीच. ऑइल तेच. ऊन कडक.
मी एकदा चोरून दोन बदल केले.
गाडी सुधारली, आणि कशाने
ते आजतागायत कळलेलं नाही.
नुरू दोन रविवार बोलला नाही.

मग, सांगाडाच पिळलाय म्हणून
वरच्या पट्टीचे आठही स्क्रू ढिले केले,
काचेवर ठेवून तळव्याने दाबला,
एक इकडचा, एक समोरचा, असे तिरके आवळले.
सुंदराक्का मेथर मासे कापायची सुरी देईना,
शेवटी दिली. तिच्या टोकावर
बंपर मधोमध तोलून हळूच उचलला:
दोन्ही चाकं एकाच श्वासात जमिनीवरून सुटली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
पोराचा निकाल लागल्यासारखं.

खाली ठेवली. सोडली.
वीस पावलं.

सुंदराक्का सुरी पदराला पुसत होती.
"मेल्यांनू, गाडयेत कसली खोट सोधतास?
ओटोच उतरतो आसा. पाणी जावक नको?"

नुरूने प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं.
पाण्याने क्षणभर विचार केला,
आणि कुणी पत्ता विचारल्यावर हात करावा
तसं खाडीकडे निघालं.

सहा रविवार. चौदा पानं.
मी गाडी फिरवून, उलट तोंडाने सोडली:
डावीकडे ओढते.

हसलो, अर्थात. पोट धरून हसलो.
पण ते एक बेअरिंग खरंच गेलेलं होतं.
आणि दुसऱ्या वळणावर, उतार सोबत असो की समोर,
ती अजून नाक बाहेर काढते.
मागची स्प्रिंग जरा कडक हवी बहुतेक,
किंवा माझा अंगठा उशिरा वळतो.
हे ओट्याच्या माथी मारता येत नाही.

तीन वाजले. टोपल्या आल्या.
मी बोया गोळा करत होतो, नुरू उकिडवा बसून
वहीत लिहीत होता, वर न बघता:
ओटा. खाडीकडे. मीटरला एक बोट.
मग खोडून: अर्धं.
पलीकडून बायकांनी बांगडे मांडायला सुरुवात केली,
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.