खाली

गेरिंग, नेब्रास्का. बाहेर उणे नऊ.
गॅरेजात हीटर, आणि वर्तमानपत्रावर ओळीने सहा पिस्टन.
छप्पन सालचा ट्रक, बीट वाहून वाहून पाठ वाकलेला.
आर्डिथ कोल्टरमनने सहाशे डॉलरला दिला,
वर बजावलं, "मर्लचं इंजिन आहे. शिव्या द्यायच्याच तर हळू दे."

पितळी ब्रशने काजळी खरवडते.
टाळूवरचं गोंदण सावकाश वर येतं:
पुढे जाणारा बाण, त्याखाली शून्य तीस.
म्हणजे सिलिंडर तीस हजारांश इंचाने मोठे करून घेतलेत.
म्हणजे माझ्याआधी इथे कुणीतरी हात घातलाय.

पाचांना टेंगूळ. सहावा सपाट.
धुतला, पुसला, उजेडात धरला,
सपाटच.
स्कर्टच्या आतला ओतीव नंबरही परका.

दिवसा दवाखान्याच्या फार्मसीत मी थेंब मोजते.
रात्री तशीच ब्युरेट, पाण्यात लाल रंग,
हेडच्या पोकळीवर ग्रीस लावून काचेची चकती,
शेवटचा हट्टी बुडबुडा निघेपर्यंत मान वाकडी.
शहाण्णव सीसी.
गॅस्केटचे आठ,
पिस्टन काठाच्या जरा खालीच थांबतो, त्याचे पाच,
टेंगळाने खाल्लेले अकरा वजा.
उरले अठ्ठ्याण्णव:
पिस्टन पार वर आला तरी
जी जागा दाबून संपत नाही, ती.
सहाशे चोपन्न अधिक अठ्ठ्याण्णव, भागिले अठ्ठ्याण्णव.
पावणेआठला किंचित कमी.
सहाव्याला वजा करायला टेंगूळच नाही.
सात. बाकी शून्य.

दोन महिने मी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडला,
गेजचा काटा सहाव्यावर मागे राहिला तेव्हा
वॉल्व्हला बोल लावला.
आज फायरिंग ऑर्डर बोटांवर मोजली:
एक पाच तीन, सहा दोन चार.
सहावा येतो चौथ्या मात्रेवर.
गुडघ्यावर हात आपोआप पडला,
धा धी ना, धा ती ना.
सांगलीत प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेत
दादऱ्याची खाली दाखवायची विसरून नापास झालेली मी,
आणि हे लोखंड इतकी वर्षं न चुकता दाखवतंय.

आर्डिथला फोन केला. तिकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.
"एकाहत्तरचा ऑक्टोबर. साखर कारखान्यापुढे ट्रकांची रांग,
आणि याचा पिस्टन फुटला.
लूथर श्नेलच्या मेलेल्या ट्रकमधला काढून
मर्लने रात्रीत बसवला, पहाटे परत रांगेत.
माप जुळलं म्हणाला, डोकं नाही जुळलं.
का? बिघडलाय का तो?"

नाही, म्हटलं.

रिंगा सहाच्या सहा मागवल्या. पिस्टन एकही नाही.
मग सपाटाच्या पोटात, त्या परक्या नंबरशेजारी,
कोरणीने हलकेच एकाहत्तर लिहिलं.
हात थंड होते, सात जरा तिरका आला.