मोजणी

एकतीस वर्षं मी हे पवनी साखळीनं मोजलं.
परकोट: पडीक, सरकारी.
खंदक: पाणथळ, उत्पन्न निरंक.
टेकडी: गवत, एक गंजका फलक.
सही, शिक्का, तारीख.

आता टेंभऱ्या मोजतो.
मी दोरीचं मागचं टोक धरतो.

पिकल्या टेंभरासारखा रंग, डावा कान कुणीतरी कुरतडलेला.
माझ्या निरोपसमारंभाला चिवड्याच्या वासानं आत शिरला,
आणि शाल-श्रीफळाबरोबर
तोही घरी आला.

पहाटे वेशीपाशी तो थांबतो.
एकाच दगडापाशी, रोज.
माझ्या नकाशात तिथं काहीच नाही,
त्याच्या नाकात मात्र अख्खी बाजारपेठ:
रात्री गेलेला ट्रॅक्टर, कोष्टीपुऱ्यातली काळी कुत्री,
शेळ्या, पाऊस, कोणी सांडलेला रस्सा,
आणि त्याच्याखाली, त्याच्याही खाली,
कुठल्याशा हत्तीचं घामट अंग?
कोण जाणे.
त्याला सनावळी नाही.
सातवाहन आणि कालचे बोंबील
तो एकाच श्वासात आत घेतो.
ताजं आणि शिळं, एवढाच त्याचा इतिहास.

मिरचीच्या सातऱ्याजवळ मात्र हुंगणं बंद.
सात शिंका.
देठ खुडणाऱ्या बाया हसतात,
"अजून मोजूनच राह्यले का जी?"
मी म्हणतो, हो, याला चार्ज देतोय.

मग गल्ली. पार्बताबाई गभण्यांचा गोठा.
टेंभऱ्या भिंतीशी जातो, मागचा पाय उचलतो,
आणि मी त्याला ओढायला वाकतो तेव्हा दिसतं:
शेणामातीत बसवलेली एक वीट,
माझ्या हातभर लांब, आजच्या भट्टीची नाही,
आणि तिच्यावर
चार बोटं, एक गादी.
पंजा.

ओली होती ती तेव्हा.
उन्हात रांगेनं मांडलेली.
कोणाचा तरी कुत्रा वरून चालत गेला,
घाईत नव्हता, खोल उमटलंय.
कोणीतरी ओरडलं असेल, हाड्!
कोणत्या भाषेत?
हाड् हा शब्द किती जुना आहे?
ही माहिती
कुठल्याही दप्तरात मिळत नाही.

मी टेंभऱ्याचा पाय उचलून तिथं ठेवला.
त्याला आवडलं नाही.
जुना पंजा बोटभर मोठा निघाला.

"सासऱ्यानं आणली होती बंडीत भरून," पार्बताबाई म्हणाल्या,
"टेकडीवरून. तवा सारेच आणत.
लिहून घेता का जी?"
गाय रवंथ करत होती.
खिशात पेन होतं. सवयीनं असतंच.
"नाही," मी म्हणालो, "फिरायला आलो."
मग रस्ताभर वाटत राहिलं
की लिहायला हवं होतं.
अजूनही वाटतं. उद्या बघू.

याच भिंतीला मी
अठ्ठ्याऐंशी साली हात टेकून उभा होतो,
साखळीचं टोक धरून,
कोपऱ्याचा दगड कुणी सरकवला यावरून
दोन भाऊ भांडत होते.
माझा तळवा तेव्हा
बहुधा त्या पंज्यावरच असेल.
मी बघत होतो फूट आणि इंच.

घाटावर वैनगंगा खाली गेलेली.
टेंभऱ्या पायऱ्या मोजत नाही,
जिथं पाणी तिथं तोंड घालतो.
झिबल डोंगा सोडत होता.
"पलीकडं येता का, साहेब?
कुत्र्याचे पैसे लागत नाही."

नदीच्या मध्यावर माझी हद्द संपायची.
पलीकडचा काठ दुसऱ्या शिटावर,
दुसऱ्याच्या कपाटात.
तिकडचं गाव मी एकतीस वर्षं
नुसतं धुरावरून ओळखत आलो.

गुडघ्याचं सांगणार होतो.
ऊन चढेल, हेही.
पण दोरी ताणली गेली,
आणि टेंभऱ्या
डोंग्याच्या टोकाशी जाऊन बसलाही होता,
कुरतडलेला कान
वाऱ्यावर उभा करून.