पावती नंबर चारशे बत्तीस

पावतीपुस्तक छापलं तेव्हा खानापूर मुंबई राज्यात होतं.
पाचशे पावत्या, वर एक कार्बन फुकट.
कौलांच्या कारखान्यातल्या अकरा जणांनी
चार-चार आणे काढले होते,
आणि छापखान्यातल्या जुळाऱ्यानं
'फुटबॉल'मधला ट खाल्ला.
'फुबॉल क्लब, खानापूर.'
म्हातारे अजून तसंच म्हणतात.

राज्य बदललं, मग राज्याचं नाव बदललं.
आम्ही पेनानं खोडत गेलो, वर लिहीत गेलो.
नवं पुस्तक छापायला
पैसे कधीच नव्हते.

मैदान म्हणजे माती काढून झालेला खड्डा.
तिथली माती कुणाकुणाच्या घरांवर आहे,
लोंढ्याला, अळणावरला, पार मडगावपर्यंत.
रस्त्यापासून पुरुषभर खोल,
म्हणून बघणारे काठावर बसायचे, पाय आत सोडून.
जूनपासून दसऱ्यापर्यंत
तिथं मलप्रभा एकटीच खेळायची.

लीगमध्ये आम्ही कधीच नव्हतो.
बेळगावनं विचारलं, बूट आहेत का अकरा जोड?
सात होते.
कोल्हापूरनं विचारलं, तुम्ही आमच्यात येता का?
हे फुटबॉलपुरतंच विचारलं होतं का, कळलं नाही.
चिठ्ठी फायलीत तशीच आहे.

गोलात बस्त्यांव सोज, भट्टीवरचा.
तापलं कौल झेलणाऱ्याला बॉल काय, म्हणायचा,
आणि मिसा चुकवून सहा गोल खायचा.
दस्तगीर बेपारी डावीकडून सुसाट, बॉल मागं विसरून.
बसलिंग हट्टीहोळी शिव्या कानडीत द्यायचा, माफी मराठीत.
परशराम गर्लगुंजीकर, माझे वडील,
एकही मॅच खेळले नाहीत.
फक्की मारायचे.
चुना महाग, म्हणून फुटकी कौलं कुटून, चाळून.
आमच्या मैदानाच्या रेषा लाल असायच्या.

ढाल एकच.
फायनलला गडहिंग्लजची टीम निघाली होती.
दिवस सीमेच्या भांडणाचे. हिटणी नाक्यावर बस अडली,
काचा गेल्या,
पोरं बूट गळ्यात अडकवून चालत परत फिरली.
इकडं आम्ही ड्रेस घालून पाचपर्यंत उभे.
पंचानं घड्याळ बघितलं,
शिट्टी मारली, आणि आम्ही जिंकलो.

"त्येनी आलीच न्हाईत की," बस्त्यांव म्हणाला,
"आमी जिंकलाव कुणाला?"
ढाल ऑफिसात लागली ती तोंड भिंतीकडं करून.
नवी पोरं विचारायची, उलटी का?
कुणी सांगायचं, दमट हवा.
बस्त्यांव काहीच सांगायचा नाही.

त्याच्या महिन्याच्या मिसानंतर
उरलेल्यांनी, म्हणजे बहुतेक नातवांनी,
एक टेम्पो केला.
गडहिंग्लजला त्या टीममधले दोघे सापडले.
एकाला काही आठवेना.
दुसरा, बाबू चौगुले,
चष्मा काढून पुसून ढाल बघत बसला.
मग आत जाऊन झोपलेल्या नातवाला हाक मारली,
"ऊठ, मॅच हाय."

तीन-एक. हरलो.
आमचा तो एक गोलही त्यांच्याच पोरानं मारला, चुकून.
ढाल तिथंच ठेवली.
त्यांनी ती सरळ लावली.

येताना हिटणीला चहा.
कुणी अडवलं नाही, अडवायला कुणाला वेळच नव्हता.

ऑफिसच्या भिंतीवर आता ढालीच्या आकाराचा
जुना, न मळलेला चुना आहे आणि एक खिळा.
बाबू चौगुलेनं टेम्पोच्या खिडकीतून हातात पैसे कोंबले होते,
तेव्हा पावती करायला घेतली.
नंबर चारशे बत्तीस. रुपये एकवीस.
तपशील: राहिलेल्या मॅचबद्दल.
छापलेलं राज्य खोडलं.
वर काही लिहिलं नाही.
कार्बन केव्हाच झिजलाय,
खालची प्रत पुन्हा हातानंच लिहिली,
ट न घालता.