वजनकाट्याच्या पावत्या

डिचोली बसस्टँडच्या मागे, चिकनच्या गाळ्याला लागून
आमचा छापखाना. दोन कॉम्प्युटर, एक ऑफसेट,
आणि कटिंग मशीन, ज्याला बाबलशेट
दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.
लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकाची तिकिटं,
बाराव्याची कार्डं. यातून वेळ उरला
तर साहित्य.

साहित्य येतं प्लास्टिकच्या पिशवीतून,
बहुतेक वेळा आमच्या जेवणाच्या वेळेला,
आणि दारात चपला काढतं.

मी सगळ्यांना तेच सांगते:
मूळ प्रत कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.
एकाच बाजूला लिहा. पानांवर आकडे घाला,
संपादकाच्या टेबलावर पंखा असतो.
दिवाळी अंकाला कविता चतुर्थीत पाठवू नका,
तोवर त्यांचे अंक बांधणीला गेलेले असतात.
तीन महिने थांबा, मग एक पत्र. दुसरं नको.
आणि जो म्हणेल, अप्रतिम! फक्त चाळीस हजार भरा,
त्याचा चहा प्या आणि उठा.
आतून बाबलशेट खोकतो.
तोही भरायलाच सांगतो,
फक्त अप्रतिम म्हणत नाही.

तुळशीदास गावस आले तेव्हा हेच सुरू केलं होतं,
पण त्यांच्याकडे पानंच नव्हती.
पावत्या होत्या, खाणीच्या वजनकाट्याच्या,
गुलाबी, सुतळीनं बांधलेल्या, विटेएवढा गठ्ठा.
एकोणीस वर्षं काट्यावर बसले सुर्ल्याला.
ट्रक चढला की आकडा लिहायचा,
उतरला की पावती उलटी करून
दोन ओळी. कधी दीड.
खाण बंद झाली त्या दिवशीच्या पावतीवर
नुसती तारीख.
‘बायलेकडे झगडटां कोंकणींत,’ म्हणाले,
‘आणि लिहितो मराठीत. कित्याक, तें विचारूं नाका.’

टाइप करताना माझी बोटं लाल व्हायची.
कीबोर्डच्या फटीत ती धूळ अजून आहे,
‘ळ’ दाबला की अडकतो.

पुण्याहून पत्र आलं: तूर्त कवितासंग्रह स्वीकारत नाही.
कोल्हापूरहून काहीच आलं नाही.
मुंबईच्या बाईंनी मात्र सविस्तर लिहिलं,
अनुभवविश्व मर्यादित आहे.
गावसांनी ते दोनदा वाचलं
आणि मला विचारलं, ‘मर्यादित म्हणजे किती टन?’

मी हसले. ते नाही हसले.
गठ्ठा पुढे ओढून एक पावती सुलटी केली.
हा भरलेला ट्रक, म्हणाले. हा रिकामा.
वजा कर. पैसे खालच्या आकड्याचे मिळतात,
गाडीचे नाही.
त्या दुपारी दोनशे बारा कवितांच्या एक्केचाळीस झाल्या.
चांदणं गेलं, मांडवी गेली, आईवरच्या सात गेल्या.
आठवी हातात धरून बराच वेळ बसले,
शेवटी ठेवली. का, ते सांगितलं नाही.
सुतळी मात्र तेवढीच लांब होती,
तिचे चार वेढे जास्त पडले.

सावंतवाडीच्या एका मासिकानं एक कविता छापली.
सव्वीसाव्या पानावर, खाली पापडाची जाहिरात.
मानधन नाही. अंक एकच.
आडनाव छापलं होतं ‘गवस’.
मी म्हटलं, पत्र लिहूया, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतील.
ते म्हणाले, एक काना कमी. निव्वळ वजन बरोबर आहे.
मग नाक्यावर जाऊन माझ्यासाठी,
बाबलशेटसाठी, चिकनवाल्या रियाझसाठी
झेरॉक्स काढून आणल्या, पैसे मोजून.

संग्रहाचं अजून काही नाही.
दर शुक्रवारी येतात, पोस्टमनच्या आधी.
परवा जत्रेचं खाजं घेऊन आले,
कागद सोडता सोडता विचारलं,
‘तुजें केन्ना गो?’

मी कुणाला सांगितलं नव्हतं.
माझी फाइल आहे ‘बाबलशेट लाइटबिल जुनी’ या नावाने,
त्यात कुणी जात नाही.
पानांवर आकडे घातलेले आहेत.
शुक्रवारपर्यंत झेरॉक्स काढते, म्हटलं,
आणि खाज्याचा तुकडा तोंडात टाकला,
पुढचं बोलता येऊ नये म्हणून.