शेरा

सकाळी सातला मी पट्टे वाटते.
बेचाळीस, राखाडी रबराचे.
पुरुषांना मनगटात, बायकांना पायात;
बांगड्यांमुळे आकडा फुगतो
असं पुण्याहून आलेल्या कागदात आहे.
रेजलीबाई पावरा पाय पुढे करून म्हणाली,
चांदीचे वाळे मोडले गेल्या साली,
हे बरं, फुकटात आले.
हसली. मीही हसले.
मग तिचा अंगठा घेतला, दोन ठिकाणी.

भुसावळ. वैशाख.
खडका रोडच्या पुढे, रुळांच्या कडेला
सहा मजले उठताहेत.
सळईला हात लावायचा तर आधी ओलं फडकं लागतं.
माझ्या पत्र्याच्या खोलीत पंखा
गरम हवा इकडची तिकडे करतो
आणि पडद्यावर बेचाळीस रेघा सरकतात.
हललं की हिरवं,
थांबलं की लाल.
मधलं पिवळं कशासाठी, ते कागदात नाही.

धुडकू कोळी दिवसभर हिरवा.
गोण्यांच्या सावलीत बसून
खुळखुळा वाजवावा तसं मनगट हलवतो.
तंबाखू मळताना तर
गडद हिरवा.

दोन ते दोन-चाळीस
रेजलीबाईच्या रेघेला एकसारख्या लाटा येतात.
वाटलं, जिन्याने वाळू नेत असेल.
पाहायला गेले.
दोन खांबांमध्ये लुगड्याचा झोका,
त्याची दोरी तिच्या अंगठ्याला.
भिंतीला टेकून ती झोपलेली,
पाय तेवढा जागा.
मी चपला काढून परत आले.
यंत्राने लिहिलं, कार्यरत.
खोडायचं बटण माझ्याकडे आहे.

आणि सतरा नंबर.
उखर्डू मिस्तरी. अडतीस टक्के लाल.
पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले,
हा माणूस रोज तीन तास उभा असतो,
विचारा त्याला.

पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यावर गेले.
फैजपूरचा डिप्लोमा माझा, पहिल्या श्रेणीतला,
तरी त्या कडेला पोटात गोळा येतो.
मिस्तरीने दोरी सोडलेली होती,
टोकाला पितळी ओळंबा,
खालून झळा येत होत्या
आणि तो हलत होता, इतकासाच,
गव्हाच्या दाण्याएवढा.
मी विचारलं.
त्याने नजर काढली नाही.
"मी उभा नही शे, ताई. देखी ऱ्हायनू."
मग बऱ्याच वेळाने,
"ओयंबा थांबस, तवय भित उभी ऱ्हास."

त्याची थापी कोरडी होत होती.
माझ्या हातातल्या फोनवर
सतरा नंबर लाल, लाल, लाल.
आम्ही दोघं वाट बघत होतो.
थांबला.
त्याने एक वीट उचलली, ठेवली,
थापीच्या दांड्याने एकदाच ठोकली.
हिरवं, दोन सेकंद.

रात्री पट्टे चार्जिंगला लावते,
फळीवर, नंबराप्रमाणे.
काल नोंदी तपासताना दिसलं,
सव्वादोनला सगळे एकदम जागे झालेत.
बेचाळीसच्या बेचाळीस. अकरा सेकंद. हिरवेगार.
कोण आलं असेल,
काळजात धस्स झालं,
कुलूप तर माझ्याच किल्लीचं.
मग आठवलं,
कोळशाची मालगाडी जाते तेव्हा
आमच्या घरीसुद्धा मांडणीतली भांडी बोलतात.

ते अकरा सेकंद कोणाच्या मजुरीत धरायचे
असं साहेबांना विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही. माझीही नोकरी सहा महिन्यांचीच.

महिनाअखेर आहे.
सतरा नंबरपुढे रकाना उघडाय, शेरा,
वीस अक्षरांत लिहा म्हणतो.
खिळ्याला मिस्तरीचा जुना ओळंबा टांगलाय,
दोरी बदलायला दिलेला.
बाहेर अप लाइनवर गाडी येतेय,
पत्रा थरथरू लागला,
ओळंबाही.

बोटं कळफलकावर ठेवून बसलेय.
जाऊ दे गाडी आधी.